प्रकाशालाही गुरुत्वाकर्षण सोडत नाही

अवकाशस्थानकात अंतराळवीर तरंगतात म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण नाही, हा समज फार चिवट आहे. ४०० किमी उंचीवर ते जमिनीवरच्या जवळपास ८९ टक्के असते. स्थानक सतत पडतच असते. सेकंदाला सुमारे ७.७ किमी आडव्या वेगामुळे ते जमिनीवर आदळत नाही, इतकेच.

मग वस्तुमान नसलेला प्रकाश तरी सुटतो का? नाही. याचा मला सर्वात सुंदर वाटणारा पुरावा म्हणजे पाउंड आणि रेब्का या भौतिकशास्त्रज्ञांचा हार्वर्डमधला १९६० चा प्रयोग. लोह-५७ (लोखंडाचा एक समस्थानिक) मधून निघणारे गॅमा किरण, म्हणजे फार जास्त ऊर्जेचा अदृश्य प्रकाश, २२.५ मीटर उंचीच्या मनोऱ्यात पाठवले, तर वर जाताना त्यांची वारंवारता घटते, खाली येताना वाढते. फरक किती? १०००००००००००००००० भागांत साधारण २५ भाग! तो मोजण्यासाठी स्रोत सावकाश हलवत ठेवायचा आणि डॉप्लर परिणामाने (स्रोत हलला की वारंवारता बदलते) ही तूट भरून काढायची. लागणारा वेग सेकंदाला एका मायक्रोमीटरहूनही कमी. हवा हे किरण शोषते, म्हणून वाटेत हेलियम भरलेली पिशवी. खरा धोका तापमानाचा. स्रोत आणि शोषक (दुसऱ्या टोकाला किरण टिपणारा लोह-५७ चा थर) यांच्यात फक्त १ अंश सेल्सिअसचा फरक पडला, तरी जवळपास तेवढाच बदल दिसतो. म्हणून दोन्हीकडचे तापमान नोंदून दुरुस्ती करावीच लागते.

प्रतिद्रव्याचेही (नेहमीच्या द्रव्यासारखेच, पण उलट विद्युतभाराच्या कणांचे द्रव्य) तेच. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेत प्रतिहायड्रोजनचे (हायड्रोजनच्या प्रतिद्रव्याचे) अणू चुंबकीय सापळ्यातून सोडले, तेव्हा ते खालीच पडले. हा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.