परतीची वेळ

२३ नोव्हेंबर, रविवार. पणजी, रात्री साडेनऊ.

सोंसोगडाच्या धावेचा आराखडा आज अखेर वहीत उतरवला. सत्तरी तालुक्यातले, म्हादई अभयारण्याच्या हद्दीतले हे शिखर ११६० मीटरांहून उंच असून गोव्यात त्याहून उंच जागा नाही, आणि गेली तीन वर्षे चोर्ला घाटातून जाताना त्या बाजूला मान वळवून पाहिल्याशिवाय मी पुढे गेलेलो नाही. जाऊन-येऊन ३० किलोमीटर आणि एकूण १५०० मीटरांची चढण असा माझा हिशेब आहे. रस्त्यावर ३० किलोमीटर मी तीन तासांत धावतो, म्हणून इथे पाच पुरेत, असे मी सुरुवातीला लिहिले होते. ते आज खोडले.

खोडण्याचे कारण गेल्या मार्चमधला वाघेरीच्या डोंगरावरचा दिवस. तेव्हाही मी अंतर मोजले होते आणि चढण मोजली नव्हती. एक लिटर पाणी घेऊन सकाळी उशिरा निघालो आणि अकराच्या सुमारास दोन्ही पोटऱ्यांना असे गोळे आले की उभे राहवेना. खाली काजूच्या बागायतीत बोंडे गोळा करणाऱ्या एका आजींनी मला सावलीत बसवले, कळशीतले पाणी दिले आणि मग पेलाभर ताजा निरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, पुढे केला. त्याचा तो उग्र गोडवा आणि घशाला बसणारी ओढ मला अजून आठवते. "बाळा, या दिवसांत डोंगरावर पाणी नसते, हे ठाऊक नव्हते का?" असे त्यांनी विचारले, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून या वेळी पाण्यापासूनच सुरुवात केली. गेल्या रविवारी सुरल्याला गेलो होतो (मंदिराचे तांबडी सुर्ला वेगळे, हे सत्तरीतले, डोंगरावरचे). तिथल्या ज्या काकांना वाटाड्या म्हणून यायची विनंती केली आहे, त्यांनी अंगणात बसून काडीने मातीवर सगळी वाट काढून दाखवली. कोणत्या व्हाळाला (ओढ्याला) डिसेंबरात पाणी असते, कोणता जानेवारीतच आटतो, गवे सकाळी पाण्याला कुठून उतरतात, हे त्यांनी सांगितले आणि मी लिहून घेतले. माझा बेत जानेवारीअखेरचा होता. त्यांच्या सांगण्यावरून तो डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यावर आणला. तयारीचे पाच आठवडे त्यामुळे कमी झाले, पण भरलेला व्हाळ मला पाच आठवड्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

आता वेळेचा हिशेब. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला होता, की पाच किलोमीटरांना एक तास धरावा आणि प्रत्येक ६०० मीटर चढणीसाठी आणखी एक तास मिळवावा. त्याप्रमाणे माझे साडेआठ तास होतात. हा चालणाऱ्याचा हिशेब आहे, पण धावून त्यातला फार वेळ वाचेल अशा भ्रमात मी आता नाही. जांभ्याच्या सड्यावर पावसाने पोखरलेली भोके गवताखाली दडलेली असतात, तिथे पाऊल पाहूनच टाकावे लागते. आणि दाट रानात तर धावायचेच नाही, असे काकांनी बजावले आहे. चालणाऱ्याची चाहूल अस्वलाला लांबून लागते. धावणारा वळणावर एकदम समोर येतो, आणि दचकलेले अस्वल हल्ला करते. तेव्हा तेवढा पट्टा मोठ्याने बोलत चालायचे ठरले आहे. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेले की मावळतो. म्हणजे उजेड जेमतेम सव्वाअकरा तास. त्यातून साडेआठ वजा केले की उरतात पावणेतीन, आणि लचकलेला पाय किंवा चुकलेली वाट, सगळे त्यातच बसवायचे आहे.

परवानगीचा अर्ज लिहून तयार आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात शिरण्यासाठी तो करावाच लागतो. काही धावपटू यातून पळवाट शोधतात, ते मला अजिबात पटत नाही. आपण त्या रानात पाहुणे आहोत.

गोचिडींचा विचार मात्र अधिक करावा लागला. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि हा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो. हिवाळ्यापासून पावसाळा लागेपर्यंत त्याचा धोका अधिक. आखूड चड्डी घालून धावण्याची सवय त्या दिवसापुरती सोडायची, फिकट रंगाचे लांब मोजे विजारीवर ओढायचे, म्हणजे चढणारी गोचीड लगेच दिसेल, आणि परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून गुडघ्यामागे, काखेत, कानामागे नीट पाहायचे. मेलेले माकड दिसले तर त्याच्या जवळपासही थांबायचे नाही.

सराव चालू आहे. पणजीतल्या आल्तिनो टेकडीची चढण फार लवकर संपते, म्हणून आज पहाटे पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर तीनदा चढ-उतार केली. माझी खरी कसोटी उतारावर लागते, कारण तिथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीर तोलत असतात आणि त्यामुळेच दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. हळूहळू उतार वाढवत नेला की ते दुखणे कमी होते. मागच्या रविवारपेक्षा आज बरे वाटते आहे. बाटलीत मीठ आणि भिरंडाची (कोकमाची) सोले भिजवून नेली होती. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो आणि मीठ घेऊन जातो, तेव्हा केवळ पाणी पीत राहणे पुरेसे नसते. शेवटच्या फेरीतही पोटरीत गोळा आला नाही.

रात्री जेवताना आराखडा धाकट्या भावाला वाचून दाखवला. तो सुरल्याला गाडी घेऊन थांबणार आहे. पाणी, परवानगी, मोजे, सगळे त्याने मुकाट्याने ऐकले आणि विचारले, "शिखर दिसते आहे, अर्धा तास उरला आहे आणि बारा वाजले, तर दादा, तू काय करणार?" मी लगेच उत्तर दिले नाही. रानात रेंज मिळणार नाही. मी खाली येईपर्यंत तो नुसता घड्याळ पाहणार.

जेवण झाल्यावर वही पुन्हा उघडली आणि वाटेच्या नकाशावर, शिखराच्या खुणेच्या वर, लाल शाईने लिहिले : "दुपारी १२ वाजता जिथे असेन तिथून परत." खाली सही केली, त्या पानाचा फोटो काढून भावाला पाठवला, आणि काकांनाही उद्या फोनवर हेच सांगायचे आहे.