घराचा अलार्म समजून घेताना

नातवाला सांभाळण्यासाठी आम्हा दोघांना काही महिने पुण्यात मुलाकडे राहायचे होते आणि कोल्हापुरातील साने गुरुजी वसाहतीमधील आमचे घर तेवढा काळ बंद राहणार होते. म्हणून चोरीची सूचना देणारी अलार्म यंत्रणा घेण्याचे ठरले. मात्र तिचा प्रत्येक भाग काय काम करतो, हे कळल्याशिवाय ती भिंतीवर लावू द्यायची नाही, असे मी ठरवले होते आणि तंत्रज्ञानेही न कंटाळता सारे उघडून दाखवले.

सर्वांत अधिक वेळ दाराच्या सेन्सरवर गेला आणि तो जावा अशीच त्याची रचना आहे. चौकटीवरील तुकड्यात काचेच्या बारीक नळीत धातूची दोन पाती असतात, तर दाराच्या फळीवर चुंबक असतो. दार बंद असताना चुंबकामुळे पाती चिकटून प्रवाह चालू राहतो; दार उघडताच तो तुटतो आणि पॅनलला, म्हणजे यंत्रणेच्या मुख्य नियंत्रण पेटीला, सूचना मिळते. त्यामुळे कोणी तार कापली, तरी पॅनलच्या दृष्टीने दार उघडल्यासारखेच होते. तारा एकमेकींना जोडून पॅनलला फसवता येऊ नये, यासाठी त्या मार्गात एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग, घालतात; मधेच तारा जोडल्या, तर तो अडथळा नाहीसा झाल्याचे पॅनलला कळते. तो सेन्सरच्या टोकाशीच हवा. सोयीसाठी तो पॅनलच्या पेटीत बसवला, तर त्याचा हा उपयोग उरत नाही, म्हणून जोडणी होताना मी तिथेच उभा राहिलो. आपल्याकडील पावसाळ्यात लाकडी दारे फुगून नीट बसत नाहीत आणि चुंबक दूर राहतो, हे लक्षात घेऊन थोडे जास्त अंतर चालणारा सेन्सर निवडला.

खोलीतील हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर स्वतः कोणताही किरण सोडत नाही. माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या अवरक्त किरणांत होणारा बदल तो ओळखतो. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो, म्हणून तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात लावला. त्याच्या भिंगावर पाल चढली तरी खोटा अलार्म वाजू शकतो, तेव्हा तिथली जाळी-जळमटे काढणे हेही देखभालीतच येते.

कीपॅड दाराजवळ आणि पॅनल आतील कपाटात ठेवले. वीज गेल्यावर पॅनल बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि बाहेरच्या सायरनलाही स्वतःची बॅटरी आहे. पॅनल मोबाइलच्या सिमवरून संदेश पाठवते; त्या सिमची बाब मात्र खरेदीपूर्वीच विचारावी, असे मी आग्रहाने सांगेन. केवळ टू-जीवर चालणाऱ्या पॅनलमध्ये जिओचे सिम चालत नाही, कारण त्या कंपनीचे टू-जी जाळेच नाही. शिवाय रिचार्ज संपला, की संदेश जाणे थांबते.

आमचे पॅनल स्वतः पोलिसांना कळवत नाही. संदेश मला, मुलाला आणि शेजारच्या वहिनींना येतो. ११२ वर फोन आमच्यापैकीच कोणी तरी करायचा आहे. वहिनींना किल्लीबरोबर स्वतंत्र कोड दिला, म्हणजे यंत्रणा कोणी बंद केली, याची नोंद पॅनलमध्ये राहते.