लेझन : वाचणं आणि वेचणं

फेब्रुवारीत तीन आठवड्यांच्या रजेवर जर्मनीतल्या श्टुटगार्टहून घरी आले, तेव्हा नाशिकजवळच्या मखमलाबादच्या आमच्या द्राक्षबागेत काढणी ऐन भरात होती. उजाडलं की बायका कात्र्या घेऊन मांडवाखाली शिरायच्या. घड देठाला धरायचा, कात्री लावायची, अलगद क्रेटमध्ये ठेवायचा. मण्याला बोट लागलं की त्यावरचा पांढुरका थर पुसला जातो आणि मग व्यापारी नाक मुरडतो. अण्णा ओळीओळीतून फिरत एकच सांगत होते, "देठाला धरा गं, मण्याला नको."

मी आणि माझी भाची ओट्यावर बसून जर्मन वाचत होतो. ती अकरावीत आहे, कॉलेज रोडवरच्या एका क्लासला जर्मन शिकते. तिच्यासाठी मी एक कादंबरी आणली होती. बारा वर्षांपुढच्या मुलांसाठीची, एका पंधरा वर्षांच्या मुलीची गोष्ट. आईबरोबर नव्या गावात राहायला आलेली मुलगी, नवी शाळा, नव्या मैत्रिणी, तुटलेल्या जुन्या मैत्रिणी. प्रत माझीच, तिकडच्या जुन्या बाजारात दोन युरोला घेतलेली आणि आता वाचून वाचून मऊ पडलेली.

भाचीने पहिलं पान उघडलं, चार ओळी वाचल्या आणि मिटलं. "आत्या, माझ्याकडे कार्डं आहेत ना. रोज वीस शब्द पाठ करते. गोष्टीचं पुस्तक कशाला मध्येच?"

तिच्या पिशवीत रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा होता. एका बाजूला जर्मन शब्द, मागे इंग्रजी अर्थ. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नाशिकच्या नर्सिंगच्या मुलीही मला हेच विचारतात, की ताई, शब्द कसे पाठ केलेत? म्हणून जे भाचीला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

मी नर्स म्हणून तिकडे गेले तेव्हा माझ्याकडेही असाच गठ्ठा होता. जर्मनची बी२ पातळीची परीक्षा पास झालेली. रक्तदाब, सलाईन, टाके, ड्रेसिंग, सगळं तोंडपाठ. पहिल्याच महिन्यात रात्रपाळीला एका आजींनी बेल वाजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं. त्या म्हणाल्या, "मिअर इस्ट मुल्मिग." मला काहीतरी होतंय, एवढं कळलं. 'मुल्मिग' कळलं नाही. चेहरा पाहून वाटलं मळमळत असेल, म्हणून धावत जाऊन उलटीचं भांडं आणलं, पाठीला हात लावून बसवलं. आजींनी भांडं हळूच बाजूला सारलं, माझा हात धरला आणि काही न बोलता बसून राहिल्या. त्यांना काय हवं होतं ते हाताला कळलं, पण त्यांना द्यायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता. घरी आल्यावर कोशात पाहिलं, दोन-तीन अर्थ होते. पाठ केले आणि विसरलेही.

सहा-सात महिन्यांनी तोच शब्द या कादंबरीत भेटला. मुलगी पोहण्याच्या तलावावर तीन मीटर उंच फळीच्या टोकाशी उभी आहे. खाली सगळा वर्ग बघतोय. पायाखालची फळी ओली आहे, थोडी हलतेय, मागे शिडीवर पुढचा मुलगा येऊन थांबलाय. आणि तिला 'मुल्मिग' वाटतं. त्या क्षणी मला मराठी शब्दही सापडला. पोटात गोळा येणं. आजींच्या पोटात त्या रात्री गोळा आला होता. आता मी ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटला आपणहून विचारते, मुल्मिग वाटतंय का? बहुतेक जण मान हलवतात आणि मग बोलायला लागतात.

पुस्तकाकडे मला आमच्या भाषावर्गाच्या बाईंनी वळवलं. श्टुटगार्टचं शहर वाचनालय २०११ साली उघडलेल्या नव्या इमारतीत आहे. बाहेरून करडा चौकोनी ठोकळा, आत सगळं पांढरंशुभ्र, मजल्यावर मजले पुस्तकांचे. लहानपणी अण्णांबरोबर नाशिकच्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात जायचे, १८४० पासूनची ती संस्था, तिथला जुन्या पुस्तकांचा वास या पांढऱ्या इमारतीत शोधत राहिले. पहिल्यांदा हौसेने मोठ्यांची कादंबरी उचलली. एका पानावर वीस-बावीस शब्द अडले. चौथ्या पानावर कोण कुणाचं कोण हेच कळेना. बाईंनी ती परत ठेवायला लावली आणि आधी सोपं पुस्तक वाच म्हणून मुलांच्या विभागात नेलं.

त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. मार्सेला हू आणि पॉल नेशन या भाषा-अभ्यासकांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोशाची मदत न घेता गोष्ट नीट समजायची असेल, तर मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द आधीच ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभरात दोन अनोळखी. अडीचशे शब्दांच्या पानावर पाच. एवढे पाच शब्द आजूबाजूचे शब्दच उचलून धरतात. वीस झाले की कोण कुणाला धरणार?

भाचीला टक्केवारी पटली नाही, पण क्रेटकडे बोट दाखवल्यावर पटली. काढणीत सुटे मणी पडतातच. गोड असतात, त्याच वेलीचे असतात, पण पेटीत घड जातो. सुटे मणी बाजूच्या पाटीत, त्यांना भाव नाही. कार्डावरचा शब्द असा सुटा मणी. त्याला देठ नाही, शेजारचा मणी नाही, धरायचं कुठे? कादंबरीतला शब्द घडात येतो. 'मुल्मिग'ला ओली फळी आहे, शिडीवरचा मुलगा आहे, वर्गाच्या नजरा आहेत. शब्द विसरला तरी फळी आठवते, आणि फळीमागून शब्द येतो.

स्मरणाचं हे शास्त्रही जर्मनीतूनच सुरू झालं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. मुद्दाम निरर्थक अक्षरजोड्या बनवायच्या, पाठ करायच्या आणि किती वेळात किती विसरतो ते मोजायचं. पाठांतर कसं भराभर गळतं याचा त्याने काढलेला आलेख आजही शिकवतात. पण त्याच माणसाने इंग्रज कवी बायरनच्या कवितेची कडवीही पाठ केली, आणि त्यासाठी निरर्थक अक्षरांच्या साधारण एक दशांश कष्ट पडले, असं नोंदवून ठेवलं. मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तोच फार कमी सांगितला जातो.

माझी रीत अगदी साधी आहे. अनोळखी शब्द पहिल्यांदा आला की थांबायचं नाही, मान हलवून पुढे जायचं. दुसऱ्यांदा आला की अंदाज बांधायचा. तिसऱ्यांदा आला तर तो आपल्याकडे राहायला आलाय असं समजायचं आणि वहीत घ्यायचा. ही वही अण्णांनी दिलेली आहे, फवारणीची. निर्यातीच्या बागेला प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी लागते, म्हणून ते दरवर्षी वह्या आखून घेतात. तारीख, औषध, प्रमाण, शेरा. मी जाताना त्यांनी एक कोरी वही बॅगेत टाकली होती, "काहीतरी लिहायला होईल." औषधाच्या रकान्यात मी शब्द लिहिते, प्रमाणाच्या रकान्यात पुस्तकातलं पूर्ण वाक्य, आणि शेऱ्यात मराठी. इंग्रजी अर्थ लिहीत नाही. यावर मी ठाम आहे, कारण मध्ये इंग्रजी आली की जर्मन आणि मराठी एकमेकींच्या किती जवळ आहेत ते दिसतच नाही.

आता हे बघा. जर्मन शिकणारा प्रत्येक जण 'डेअर, डी, डास' या तीन लिंगांना वैतागतो. आपल्याकडे तो, ती, ते आहेच. 'मेडशन' म्हणजे मुलगी, पण ती नपुंसकलिंगी. वर्गात सगळे चकित झाले, मला काहीच वाटलं नाही. शब्दाच्या शेवटी लहानपणाचा 'शन' लागला की जर्मनमध्ये नपुंसकलिंग. आपलं लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू, सगळी 'ते'च ना? ते लेकरू, तसं ते मेडशन.

आणि 'डॉख'! पाठ्यपुस्तकात याचा एक कोरडा नियम असतो. कादंबरीत आई मुलीला विचारते, तू जेवली नाहीस ना? मुलगी म्हणते, "डॉख!" मी वाचता वाचता मोठ्याने म्हणाले, "जेवले की!" हा आपला 'की' आहे. नाही म्हणणाऱ्याला खोडून काढणारा, थोडा लाडिक, थोडा हट्टी. संवादांनी भरलेल्या मुलांच्या पुस्तकात असे शब्द पानोपानी सांडलेले असतात.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. या पुस्तकांत सगळी मुलं एकमेकांना 'डू' म्हणतात, म्हणजे तू. वॉर्डात 'झी' म्हणायचं, तुम्ही. पुस्तकातली टवाळ भाषा उचलून पेशंटशी बोलायला जाऊ नका. औषधांची आणि आजारांची नावं तर मी आजही कार्डांवरच पाठ करते, तिथे चूक परवडत नाही. आणि गोष्टीतली क्रियापदं भूतकाळाच्या लेखी रूपात येतात. 'गिंग' दिसलं तर कोशात 'गेएन' पाहायचं. आठवडाभर त्रास होतो, मग डोळा सरावतो.

तिसऱ्या दिवशी भाचीचं एक वाक्य अडलं. शाळेच्या फलकासमोर 'मेन्शन-ट्राउबं' जमली होती. शेवटचा उच्चार आपल्या 'केलं, झालं'सारखा करायचा. मेन्शन म्हणजे माणसं, हे तिला माहीत होतं. "आणि ट्राउबं?" मी समोरच्या क्रेटकडे पाहिलं. ट्राउबं म्हणजे द्राक्ष, द्राक्षाचा घड. माणसांचा घड! कुणी पुढे, कुणी मागे, कुणी दोघांच्या मधून डोकं काढलेलं, सगळे एका देठाला चिकटलेले. भाची उठून मांडवाखाली गेली, एक घड तळहातावर तोलून बघितला आणि परत येऊन म्हणाली, "हो गं, तशीच गर्दी असते निकालाच्या दिवशी."

मग मी तिला माझा सगळ्यात आवडता शब्द सांगितला. जर्मनमध्ये वाचण्याला 'लेझन' म्हणतात. श्टुटगार्ट शहरात, नेकार नदीच्या काठच्या उतारांवर द्राक्षाचे मळे आहेत. तिकडे काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. पहिल्या वर्षी बसमधून जाताना एक पाटी वाचली, 'वाइनलेझं'. मला वाटलं वाइन पीत पुस्तक वाचायचा कार्यक्रम असेल. उतरून विचारलं, तर ती द्राक्षाची काढणी होती. लेझन म्हणजे वाचणं, आणि लेझन म्हणजे वेचणंही. वेचणं हा जुना अर्थ, अक्षरं वेचता वेचता त्यालाच वाचणं म्हणू लागले. त्या उतारावर पाठीला टोपल्या बांधलेली माणसं दिसत होती आणि मला मखमलाबाद इतकं आठवलं की पुढच्या दोन बस मी तशाच जाऊ दिल्या. आपल्याकडे वाचणं आणि वेचणं या दोहोंत एका मात्रेचा फरक. त्यांच्याकडे तेवढाही नाही.

माझी रजा संपायच्या आदल्या दिवशी बाग रिकामी झाली. क्रेट गेले, बायकांचा हिशेब झाला. भाची आता कार्डं घरी ठेवून यायची, आणि पुस्तकाची एकशे बारा पानं झाली होती. तेवढ्यात तिने विचारलं, "आत्या, 'नाखलेझं' काय? नाख म्हणजे नंतर. नंतरचं वाचणं?"

पुस्तकात ती मुलगी आजोळच्या मळ्यात मागे राहिलेले घड शोधत फिरत होती. मला अर्थ कळत होता, मराठी शब्द येत नव्हता. मी "काढणी झाल्यावर उरलेलं गोळा करणं" असं लांबलचक सांगायला लागले. आई शेजारी गहू निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "सरवा."

"काय?"

"सरवा गं. भुईमूग उपटून झाला की मातीत शेंगा राहतात, बाजरी काढली की कणसं राहतात. ती ज्याला हवी त्याने वेचायची. मालकाने अडवायचं नसतं. तुझी आजी आम्हाला घेऊन जायची सरवा वेचायला, ओटी भरून यायची."

मी बागाईतदाराची मुलगी, पण मला हा शब्द माहीत नव्हता. भाचीलाही नव्हता. तिने माझ्याकडून फवारणीची वही मागून घेतली, तारीख घातली, औषधाच्या रकान्यात 'नाखलेझं' लिहिलं, शेऱ्यात 'सरवा'. मग पेन्सिल तशीच धरून आजीकडे सरकली, "आज्जी, अजून सांग ना असे."