आजोबांच्या घरातील खिडक्या आणि बैठक : माझा अनुभव

पुण्यात एरंडवण्यातील आमचे घर आजोबांनी १९५६ साली बांधले. सपाट गच्ची, भिंतीचा कोपरा वळून पुढे जाणारा काँक्रीटचा सलग छज्जा, मोझॅकची फरशी आणि लोखंडी सेक्शनच्या, म्हणजे बारीक लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीच्या, चौदा खिडक्या असे त्याचे रूप आहे. त्या काळी सिमेंट आणि लोखंड सरकारी नियंत्रणाखाली होते. सिमेंटसाठी आजोबांनी केलेल्या अर्जांच्या प्रती आम्ही अजून जपून ठेवल्या आहेत, आणि त्या वाचल्यावर या घरातील कोणतीही वस्तू सहज काढून टाकण्याचे धाडस होत नाही. तरीही पहिली चूक आम्ही खिडक्यांच्याच बाबतीत केली.

खिडक्या गंजल्या होत्या, काही झडपा लागत नव्हत्या आणि पावसात पाणी आत येत होते. एका विक्रेत्याने सर्व खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) सरकत्या खिडक्या बसवण्याचा सल्ला दिला. आम्ही सुदैवाने आधी एकाच, पश्चिमेकडील खोलीत तो प्रयोग केला. लोखंडी सेक्शन जेमतेम एक इंच रुंद असतो, तर नवी चौकट आणि झडप मिळून जवळजवळ चार इंच जागा गेली, त्यामुळे बाहेरच्या आंब्याचे दिसणारे रूपच आक्रसले. सरकती खिडकी कितीही उघडली तरी अर्धीच उघडते. शिवाय वरचा व्हेंटिलेटर काढून तेथे बंद काच बसवली गेली होती, त्यामुळे छताजवळ साठणारी गरम हवा बाहेर जायला वाट राहिली नाही. एप्रिलमध्ये आईने त्या खोलीत झोपणे सोडले, तेव्हा आम्ही उरलेल्या तेरा खिडक्यांचा नव्याने विचार केला.

लोखंडी खिडक्या-दारे करणाऱ्या एका जुन्या फॅब्रिकेटरने प्रत्येक खिडकी हातोडीने हलकेच ठोकून तपासली. आरपार गंज फक्त पाच खिडक्यांत होता, आणि तोही केवळ खालच्या आडव्या पट्टीत. काच बसवण्यासाठी भोवती भरलेली लांबी (पुटी) वाळून तडकली की त्या फटीत पाणी मुरते आणि खालच्या पट्टीवर साचून राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो, त्यामुळे तो फुगला की काच तडकते आणि भोवतालचा गिलावाही सुटतो. आम्ही इतकी वर्षे काचा बदलत राहिलो, पण दोष काचेचा नव्हताच. काचा उतरवून कुजलेली पट्टी कापली, त्याच मापाचा नवा तुकडा वेल्डिंगने जोडला, सर्व जुना रंग खरवडून प्रायमर लावला आणि खडूची पूड व जवसाचे तेल यांची लांबी भरली. ही लांबी वरून धरायला आठवडाभर तरी द्यावा लागतो. रंगाऱ्याने दुसऱ्याच दिवशी रंग देण्याचा आग्रह धरला होता, तो आम्ही मानला नाही. रस्त्याच्या बाजूला तीन मिलिमीटरऐवजी पाच मिलिमीटरची काच घेतली. आवाज पूर्ण थांबला नाही, पण पूर्वीपेक्षा कमी झाला. सगळा खर्च नव्या खिडक्यांच्या अंदाजपत्रकाच्या निम्म्याहूनही कमी आला, आणि त्यातूनच पश्चिमेच्या खोलीसाठी जुन्या नमुन्याची लोखंडी खिडकी पुन्हा करून घेता आली.

डासांच्या जाळीने मात्र आम्हाला महिनाभर अडवले. झडपा बाहेर उघडतात, म्हणून जाळी आतूनच हवी. पण झडप अडकवण्याची दांडीही आतच असते, आणि जाळी लावली की तिच्यापर्यंत हात पोहोचत नाही. शेवटी सुताराने सागवानाच्या बारीक चौकटीत जाळी बसवून ती बिजागऱ्यांवर आत उघडणारी केली आणि दांडीच्या जागी हाताएवढे छोटे दार ठेवले. ज्यांच्या घरी अशा खिडक्या आहेत त्यांना मी हाच उपाय सुचवीन.

बैठकीचा निर्णय खिडक्यांनीच करून दिला. दिवाणखान्यातील खिडकीची कड जमिनीपासून अवघी सव्वादोन फूट उंच आहे. आम्ही दुकानात पसंत केलेल्या सोफ्याची पाठ तीन फुटांची होती. तो तेथे ठेवला असता तर झुळूक त्याच्या पाठीवरच अडली असती. माळ्यावर पडलेल्या आजोबांच्या चार सागवानी खुर्च्या खाली आणून मोजल्या, तेव्हा त्यांची पाठ बरोबर खिडकीच्या कडेखाली राहते असे दिसले. घर बांधताना खुर्च्यांचे मापही कोणीतरी मनात धरले होते, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. त्याच दशकात चंदीगडमध्ये स्विस वास्तुरचनाकार पिएर जानरे यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेत वापरूनच खुर्च्या घडवल्या. आपल्या उन्हाळ्यात वेताच्या पाठीतून वारा खेळतो, हे गादीच्या सोफ्याला साधत नाही.

खुर्च्यांचे वेत तुटले होते. ते एका अंध कारागीर काकांनी विणून दिले. भिजवलेला वेत ओला असतानाच ओढून विणतात आणि तो वाळताना ताठ होतो. काका प्रत्येक अष्टकोनी छिद्रावरून बोट फिरवून सैल पदर शोधत. “वेत सैल वाटला तर खालच्या बाजूने पाणी शिंपडा, ताई, आणि सावलीत वाळू द्या,” असे त्यांनी बजावले. लाकडाला चकचकीत पॉलिश न देता चपड्याचे (लाखेचे) पातळ हात दिले.

पडदे जमिनीपर्यंत लांब न ठेवता खिडकीच्या कडेपर्यंतच ठेवले. ते हातमागाच्या जाड सुती कापडाचे आहेत. पडद्याची दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूटभर पुढे नेली, म्हणजे पडदा सारल्यावर भिंतीवर जाऊन थांबतो आणि काच पूर्ण मोकळी होते.

न्हाणीघराच्या खिडकीतील बारीक दाण्यांची पिनहेड काच मात्र काम चालू असताना फुटली. तिच्यासारखा दाणा असलेली काच मी मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा येथील जुन्या वस्तूंच्या बाजारापर्यंत जाऊन शोधली. मिळतीजुळती काच मिळाली, पण दाणा मोठा होता. तूर्त तेथे साधी दुधी काच आहे आणि जुन्या काचेचा एक तुकडा माझ्या पर्समध्ये असतो.