नाव लिहा, पण ‘मृत’ लिहू नका

कॅनडाच्या अतिउत्तरेत, बॅफिन बेटावरच्या पांगनिर्टुंगला मी जुने फोटो घेऊन जाते. दक्षिण कॅनडातल्या संग्रहांत इनुइट लोकांचे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचे, ढीगभर फोटो आहेत. खाली फोटोग्राफरचं नाव असतं, साल असतं; फोटोतल्या माणसाचं नाव बहुतेकदा नसतं. म्हाताऱ्यांना विचारून ते भरायचं, हे माझं काम.

इथे ‘हो’ म्हणायला भुवया उंचावतात, ‘नाही’ म्हणायला नाक मुरडतात. त्यामुळे रेकॉर्डरवर कपबश्यांशिवाय काही येत नाही. भुवया वहीत टिपाव्या लागतात. आमच्या विभागातल्या एका विद्वानाने अशी अख्खी मुलाखत ‘प्रतिसाद नाही’ म्हणून निकालात काढली होती.

आणि चेहरा तर आज्या सगळ्यात शेवटी बघतात. आधी अमाउती, म्हणजे टोपाखाली पाठीवरच्या पिशवीत मूल बसवायचा बायकांचा अंगरखा. त्याची मागची शेपटी किती लांब, काठाला कुठल्या रंगाच्या फिती, टाका कुणाच्या हातचा. मग मागचा डोंगर. मग कुत्रे. एकदा नुसत्या कुत्र्यांवरून नवऱ्याचं नाव निघालं आणि त्यावरून शेजारी उभ्या असलेल्या बायकोचं. हे कौशल्य कुठल्याच अभ्यासक्रमात नाही आणि आमच्या अहवालांत त्याला जेमतेम एक ओळ मिळते.

त्या दिवशीचा फोटो 1950च्या दशकातला, जहाजाच्या डेकवरचा. ‘सी. डी. हाउ’ हे सरकारी जहाज उन्हाळ्यात गावोगाव फिरायचं. जहाजावरच एक्स-रे काढायचे. क्षय निघाला की माणूस पुष्कळदा तिथूनच दक्षिणेला, घरच्यांचा निरोपही न घेता. 1956च्या सुमारास दर सात इनुइटांमागे एक जण दक्षिणेतल्या इस्पितळात होता. फोटोतल्या बाईच्या गळ्यात बिल्ला होता. इनुइटांची नावं कारकुनांना झेपेनात, म्हणून सरकारने 1941पासून माणसांना आकडे वाटले, त्यातला.

आजींनी काठावर बोट ठेवलं. “ही फीत माझ्या आईने लावलेली. ही मावशी.” मग कोपऱ्यात वेफर्स खात बसलेल्या सात-आठ वर्षांच्या पणतीला त्यांनी हाक मारली, “मावशी, इकडे ये!” मुलीला त्या मावशीचं नाव दिलेलं आहे, आणि नावाबरोबर नातंही येतं. (आमच्या आजीने सासऱ्यांचं नाव ठेवलेल्या माझ्या काकांना जन्मभर ‘बाळ’ म्हटलं. तिथे नाव टाळायचं, इथे नातं चालवायचं.) मुलीने फोटो पाहिला, भुवया उंचावल्या आणि परत वेफर्सकडे गेली.

मग आजींनी दुभाषी बाईंना विचारलं, “पुरलं कुठे तिला?”

हा प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हता. अशा कबरी शोधण्यासाठी ‘नानिलावुत’ नावाचा उपक्रम आहे. 2019 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो इकालुइटला, म्हणजे इथल्या नुनावुत प्रदेशाच्या राजधानीत, येऊन क्षयाच्या काळातल्या त्या वागणुकीबद्दल माफी मागून गेले, तेव्हा तो जाहीर झाला. त्याची माहिती दिली. पण शोधायचं कशावरून? इस्पितळाच्या कागदांत नावं वाटेल तशी लिहिलेली. भिंग लावून मी बिल्ल्यावरचा आकडा वाचला. ज्या आकड्याला मी दर व्याख्यानात शिव्या घालते, त्याच्यावरच आता भिस्त होती.

आजींनी एकच अट घातली: नाव लिहा, पण ‘मृत’ लिहू नका. ती इथे बसली आहे.

आमच्या प्रणालीत मृत्यूचा रकाना भरल्याशिवाय नोंद साठवलीच जात नाही. वरिष्ठ म्हणाले, “टाक ना अंदाजे साल.” अंदाजे! मला राग आला खरा, पण माझंही मन साफ नाही. मृत्यू लिहिलाच नाही, तर ती बाई घरून गेली आणि परत आली नाही याचा जाब कुठल्या कागदावर राहणार? मला तो शब्द हवा होता, सरकारच्या तोंडावर मारायला. आजींना मात्र कबरही हवी होती आणि मुलगी मावशीही होती, आणि या दोन्हींत त्यांना कसलीच अडचण दिसत नव्हती.

तोड दुभाषी बाईंनीच काढली: फोटोची नोंद वेगळी, इस्पितळाची वेगळी; मृत्यू दुसरीत. फोटोच्या नोंदीतला सक्तीचा रकाना उघडून घ्यायला संगणक विभागाशी महिनाभर भांडले. आता प्रणाली ‘एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी, एकत्र करा’ असा इशारा देत राहते, आणि वरिष्ठांच्या मते तिचं बरोबर आहे. कबरीचा अर्ज आजींच्या मुलाने पाठवला आहे. उत्तर आलेलं नाही.