कॅल्शियम रिअ‍ॅक्टर लावण्याआधी टाकीची भूक मोजा

कॅल्शियम रिअ‍ॅक्टर म्हणजे समुद्री प्रवाळांच्या टाकीला (मत्स्यालयाला) कॅल्शियम आणि अल्कलिनिटी पुरवणारं यंत्र. तो बसवायला एक दुपार पुरते, पण तो टाकीशी जुळायला दोन आठवडे लागतात. हा वेळ वाचवायचा असेल तर सुरुवात मोजणीपासून करा. एक दिवस सगळं डोसिंग (टाकीत क्षारांची द्रावणं घालणं) बंद ठेवा आणि बरोबर 24 तासांच्या अंतराने अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या मुख्यतः बायकार्बोनेटचं प्रमाण, तपासा. ती डीकेएच या एककात मोजतात. फरक 0.5 डीकेएचपेक्षा कमी निघाला तर रिअ‍ॅक्टरचा खटाटोप नको, टू-पार्ट डोसिंग (कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची दोन वेगळी द्रावणं घालणं) पुरेसं आहे. रिअ‍ॅक्टर खरा उपयोगी पडतो तो दगडी प्रवाळांनी भरलेल्या टाकीत.

समजा 400 लिटरची टाकी रोज 1.5 डीकेएच खाते. म्हणजे 400 गुणिले 1.5, एकूण 600. टाकीची अल्कलिनिटी 8 आणि रिअ‍ॅक्टरमधून निघणारं पाणी 28 डीकेएच असेल, तर दर लिटरमागे 20 ची भर पडते. 600 भागिले 20 म्हणजे दिवसाला 30 लिटर, मिनिटाला साधारण 21 मिली. आपला प्रवाह हाच. एवढ्या कामात रोज जेमतेम 11 ग्रॅम मीडिया (आत भरलेले कॅल्शियम कार्बोनेटचे दाणे) विरघळतो, त्यामुळे भरलेला रिअ‍ॅक्टर महिनोन्‌महिने चालतो.

आत घडतं ते सोपं आहे. कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्लधर्मी होतं, मीडियातला अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) विरघळतो, आणि कॅल्शियम व बायकार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात बाहेर येतात: दर 1 डीकेएचमागे सुमारे 7 पीपीएम कॅल्शियम. हे प्रमाण ठरलेलं असल्यामुळेच आधीचा असमतोल रिअ‍ॅक्टर दुरुस्त करू शकत नाही. कॅल्शियम 350 पीपीएमवर अडकलं असेल तर आधी हाताने 420 च्या आसपास आणा, मॅग्नेशियम 1300 च्या आसपास ठेवा, मग रिअ‍ॅक्टर जोडा. मीडियात मॅग्नेशियम सहसा कमी असतं, ते वेगळं तपासत राहावं लागतं.

मीडिया जाड दाण्याचा घ्या आणि आरओ पाण्यात निवळ होईपर्यंत धुवा. भुकटी राहिली की ती तळाशी बसून प्रवाह अडवते.

पैसे वाचवायचेच असतील तर रिअ‍ॅक्टरच्या नळकांड्यावर वाचवा, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर बसणाऱ्या, गॅसचा दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरवर नको. सिलिंडर संपत आला की सिंगल-स्टेज रेग्युलेटरचा बाहेरचा दाब चढतो आणि गॅस एकदम सुटू शकतो. टू-स्टेजमध्ये तो स्थिर राहतो. गेजवर विसंबू नका. आत द्रव शिल्लक असेपर्यंत काटा हलत नाही, म्हणून सिलिंडर वजनावर तपासावा. तो उभाच ठेवायचा, जोडांना साबणाचं पाणी लावून गळती पाहायची, आणि रेग्युलेटर व रिअ‍ॅक्टरच्या मध्ये चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारा) हवाच, नाहीतर खारं पाणी उलटं चढून सोलेनॉइड (गॅस चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) गंजवतं.

पाणी आत ढकलायला पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत पाणी पुढे सरकवणारा) सर्वांत भरवशाचा. बाहेरच्या नळीवर बारीक व्हॉल्व्ह लावून थेंब नियंत्रित करण्याची जुनी पद्धत चालते, पण त्या व्हॉल्व्हमध्ये कचरा आणि क्षार साचतात, आणि दोन-चार दिवसांत प्रवाह निम्मा होतो. मग अल्कलिनिटी का घसरतेय ते कळत नाही.

पहिले 24 तास गॅसशिवाय चालवा. गळती दिसेल, अडकलेली हवा निघून जाईल. पीएच मोजणारा प्रोब 7 आणि 4 पीएचच्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) कॅलिब्रेट करून कंट्रोलर (पीएच पाहून गॅस चालू-बंद करणारं उपकरण) 6.6 वर लावा. गॅस मिनिटाला 10-15 बुडबुड्यांवर सुरू करा आणि पीएच हळूहळू उतरू द्या. पहिलं गढूळ पाणी टाकून द्या. नंतरचं पाणी सम्पमध्ये (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) स्किमरच्या (फेसातून कचरा काढणाऱ्या यंत्राच्या) पंपाजवळ सोडा, म्हणजे उरलेला कार्बन डायऑक्साइड बराचसा तिथेच निघून जातो. तरीही टाकीचा पीएच 0.1 ते 0.2 ने उतरू शकतो.

निघणाऱ्या पाण्याची अल्कलिनिटी मोजताना एक भाग पाण्यात तीन भाग आरओ मिसळा आणि आकडा चारने गुणा, म्हणजे टेस्ट किट लवकर संपत नाही.

बहुतेक गोंधळ एकाच वेळी बुडबुडे, पीएच आणि प्रवाह तिन्ही फिरवल्याने होतो. पीएच 6.6 वर बांधून ठेवा आणि फक्त प्रवाह बदला: अल्कलिनिटी घसरली तर 10 टक्के वाढवा, चढली तर तेवढाच कमी करा, आणि पुढचा बदल दोन-तीन दिवस थांबून करा. प्रवाह वाढवला की गॅसही थोडा जास्त लागतो, ते कंट्रोलर सांभाळतो. मात्र सोलेनॉइड सतत उघडाच दिसला तर बुडबुडे कमी पडताहेत असं समजा.

पीएच 6.3 च्या खाली गेला तर मीडियाचा चिखल होऊ लागतो. पंप खडखडला तर वर गॅसचा कप्पा साचलाय. तो सोडून बुडबुडे कमी करा. आणि सगळं ठीक दिसूनही अल्कलिनिटी भरकटली, तर आधी प्रोब काढून कॅलिब्रेट करा. प्रोब महिनाभरात सरकतो, आणि कंट्रोलर त्याच्या चुकीच्या आकड्यावर इमानदारीने काम करत राहतो.