माहेरी पाठवलेली तामार

आज सकाळी मननाला बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा 38वा अध्याय होता. खरं सांगते, इतकी वर्षं मी हा अध्याय भराभर पलटून पुढे जायचे, योसेफाला भावांनी विकलं की थेट मिसरात (इजिप्तमध्ये) त्याला विकत घेणाऱ्या पोटीफरच्या घरी, मधलं तामारचं नकोच, संडेस्कूलमध्येही कधी कोणी शिकवलं नव्हतं. आज मात्र 11व्या वचनाशी अडकले. तामारचा नवरा एर मेला, मग तेव्हाच्या रीतीप्रमाणे तिला दीर ओनानला दिलं, तोही गेला, आणि सासरा यहूदा, योसेफाच्या भावांपैकीच एक, म्हणतो धाकटा शेला मोठा होईपर्यंत बापाच्या घरी जाऊन राहा, मग त्याला देऊ. मनात भीती ही की हिच्यापायी हाही पोरगा जाईल. म्हणजे दोष सगळा तिच्या माथी, पण तोंडाने गोड.

मला मावशीच आठवली. काका गेले तेव्हा सासरचे असंच म्हणाले, थोडे दिवस माहेरी राहा, आम्ही बोलावतो. ती हिरवी ट्रंक घेऊन आली, कडीला सुतळी बांधलेली, आणि कितीतरी महिने तिने ती पूर्ण उपसलीच नाही, वरवरच्या दोन साड्या काढायची, धुवायची, परत घडी करून आतच ठेवायची, कारण जायचंय ना परत. कोणी आलं नाही बोलवायला.

शेला मोठा झाला तरी तामारलाही कोणी बोलावलं नाही. मग यहूदा मेंढरं कातरायला तिम्नाला निघालाय हे कळल्यावर तिने विधवेचे कपडे उतरवले, बुरखा घेतला आणि एनाईमच्या वाटेवर बसली. त्याला वाटलं वेश्या आहे. करडू पाठवतो म्हणाला, आणि तोवर गहाण म्हणून तिने त्याची मुद्रा, दोरी आणि हातातली काठी ठेवून घेतली. तीन महिन्यांनी कळलं सून गरोदर आहे, तर हाच माणूस म्हणतो, बाहेर काढा तिला, जाळून टाका! वाचताना हात थरथरला माझा.

आणि तिला जाळायला बाहेर काढत असतानाही ती चारचौघांत त्याचं नाव घेत नाही. वस्तू पाठवते आणि म्हणते, ओळखा, ह्या कोणाच्या. हिब्रूत इथे जो शब्द आहे तोच एक अध्याय आधी आहे, भावांनी योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाला दाखवला, ओळखा म्हणून. भावाला चांदीच्या 20 नाण्यांना विकायची कल्पना यहूदाचीच होती. आता तोच शब्द फिरून त्याच्याच दारात आला.

तो म्हणतो, ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे. बस एवढंच. पण हा माणूस पुढे 44व्या अध्यायात मिसरात योसेफापुढे उभा राहून म्हणतो, धाकट्या भावाऐवजी, बन्यामिनाऐवजी, मला गुलाम करून ठेवा. मला तरी वाटतं हे बदलणं त्या दिवशी सुरू झालं, तामारच्या त्या निरोपाने.

या अध्यायात देवदूत नाही, देव कोणाशी एक शब्द बोलत नाही. तरी तिला तेव्हा झालेल्या मुलाच्या, पेरेसच्या वंशात दावीद राजा होतो, आणि शुभवर्तमान लिहिणारा मत्तय येशूची वंशावळ लिहायला बसला तेव्हा तिसऱ्याच वचनात तामारचं नाव आहे, पुढे राहाब, रूथ, आणि बथशेबाला तर तो उरीयाची बायको म्हणतो, म्हणजे दावीदाने दुसऱ्याची बायको घेतली आणि त्याला मारवलं ते पुसू दिलं नाही. देवाने या माणसांना वापरलं म्हणून त्यांचं वागणं देवाला चाललं असं नाही ना होत! मावशीलाही लोक म्हणायचे, देवाची इच्छा. सासरच्यांनी दिलेला शब्द पाळला नाही, ती देवाची इच्छा कशी?

संध्याकाळी तिला फोन करून सगळं वाचून दाखवलं. ती मध्ये काहीच बोलली नाही. शेवटी विचारलं, आणि त्या शेलाचं काय झालं गं?

मला माहीत नव्हतं, फोन धरून शोधलं. बायबलमध्येच, 1 इतिहास 4:21. शेलाने त्याच्या मुलाचं नाव एर ठेवलं होतं, मेलेल्या थोरल्या भावाचं. मावशी म्हणाली, परत वाच.